धंदा, कॉम्प्युटर आणि एआय: सांगली-मिरज-कुपवाडचे मालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मार्केट यार्डातली अडत दुकानं, कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतली मशीन शॉप, फाउंड्री, तासगावकडची बेदाण्याची शेड, विट्याचे यंत्रमाग. कुठंही गेलं तरी चहा संपेपर्यंत हेच प्रश्न फिरून येतात, म्हणून ते एका जागी लिहून ठेवले आहेत. उत्तरं छोट्या आणि मध्यम धंद्यांसाठी आहेत. ज्यांच्याकडे स्वतंत्र आयटी खातं आहे त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

आमच्याकडे टॅली आहे, काउंटरवर क्यूआर कोड आहे, कामगारांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. म्हणजे आम्ही डिजिटल झालोच की?

अर्धे झालात. उरलेलं अर्धं ओळखायची सोपी खूण सांगतो. चार दिवस लग्नाला परगावी गेलात तर मोबाईल किती वेळा वाजतो? "त्या पार्टीला कुठला रेट बोललाय?", "ते जॉब आधी घेऊ का हे?", "अमक्याची उधारी किती राहिली?" हे सगळं तुम्हालाच विचारावं लागत असेल तर तुमच्या धंद्याची खरी वही अजून तुमच्या डोक्यात आहे. टॅलीत आहे ती सीए आणि जीएसटीसाठीची वही.

सरकारनं सक्ती केली तेवढं सगळ्यांनी केलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा यार्डात केवढी कुरकुर होती! पुढे ई-इनव्हॉइस ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू झालं, १ ऑक्टोबर २०२० ला. उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ते ५ कोटींवर आलं, तेव्हा कुपवाडच्या मधल्या फळीतल्या कारखानदारांनीही ते निमूटपणे शिकून घेतलं. पण कुठल्या मशीनवर किती वेळ वाया गेला, कुठला माल परत आला, कुठल्या गिऱ्हाइकात आपण तोट्यात चाललोय, या नोंदींची सक्ती कोणी करणार नाही. ती मालकानंच स्वतःवर करून घ्यायची असते.

एआय आत्ताच घ्यावं का, अजून थोडं थांबावं?

एआयच्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात, त्या आधी सुट्या करू.

पहिली मोबाईलवरची: चॅटजीपीटी, जेमिनी वगैरे. इंग्रजी मेलला उत्तर, कोटेशनचा मसुदा, लांबलचक टेंडरमधल्या अटींचा सारांश, कामगारांसाठी सूचनाफलक. यासाठी थांबायचं काही कारण नाही, आज संध्याकाळी सुरू करा. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. तरीही पुण्याच्या कंपनीला साधं "डिलिव्हरी दोन दिवस उशिरा होईल" एवढं इंग्रजीत लिहायला ताटकळणारे कारखानदार आजही भेटतात.

दुसरी तुमच्याच आकड्यांवर चालणारी: मागणीचा अंदाज, मशीन कधी बिघडेल याचा इशारा, कॅमेऱ्यानं माल तपासणं. त्यासाठी आधी आकडे लागतात, तेही रोजचे, खरे आणि एकसारखे लिहिलेले. ते नसतील तर विकणारा काहीही म्हणो, थांबा. गंमत अशी की लोक चौकशी दुसऱ्याची करतात आणि पहिलं वापरून बघत नाहीत.

आकडे नीट आहेत की नाहीत हे कसं कळणार?

स्टोअरमध्ये जाऊन एक बेअरिंग शोधा. एका मशीन शॉपच्या कॉम्प्युटरवरची यादी अशी होती: "बेअरिंग ६२०५", "६२०५ झेडझेड", "बेरिंग २५ एमएम", "मोटर बेअरिंग छोटं", आणि पाचव्या ठिकाणी नुसतं "बेअरिंग". माल एकच, ६२०५ चं बेअरिंग, आतला व्यास २५ मिलिमीटर. पाच नावांत मिळून २३ नग पडून होते. पण स्टोअरकीपरनं उघडलेल्या नावापुढे शून्य दिसलं, म्हणून आणखी दहा मागवले गेले.

या यादीवर जगातलं कितीही हुशार एआय बसवा, ते सांगेल की तुम्ही पाच प्रकारची बेअरिंग वापरता. म्हणून पहिलं काम कंटाळवाणं आहे. प्रत्येक वस्तूचं एक नाव, एक कोड. प्रत्येक पार्टीचं एक खातं. नवं नाव घालायचा अधिकार एकाच माणसाकडे. हे काम आठवडाभर दोन माणसांना बसवून होतं, त्याला कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही आणि म्हणूनच कोणी विकणारा ते सुचवत नाही. यादी झाली की तीच एआयला देऊन "यात एकाच वस्तूची वेगवेगळी नावं दिसतात का?" असं विचारता येतं. हे काम ते बऱ्यापैकी करतं, शेवटची खूण मात्र स्टोअरकीपरनं मारायची.

आमची फाउंड्री आहे. कॅमेरा आणि एआय बसवलं तर रिजेक्शन कमी होईल का?

कॅमेरा रिजेक्शन पकडतो, कमी करत नाही. कमी करायचं तर कारण कळायला हवं, आणि कारण बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं. शिफ्ट संपताना सुपरवायझर वहीत लिहितो: "रिजेक्ट १४." चौदा कशानं गेले? ब्लो होल (वायूनं पडलेलं भोक), वाळू अडकली, कोल्ड शट (धातू एकजीव न होता थिजला), की धातू साच्यात पूर्ण पोचलाच नाही? कुठल्या हीटचे, म्हणजे भट्टीच्या कुठल्या वितळीचे? त्या वेळी वाळूत ओलावा किती होता, ओतताना तापमान किती होतं? काहीच नाही. नुसते चौदा.

आधी महिनाभर साध्या तक्त्यावर कारणासकट खुणा करायला लावा. कारणं सहा-सातच ठेवा. पंचवीस ठेवलीत तर सगळे "इतर" वर खूण करतील. रोज सकाळी तो तक्ता मालकानं स्वतः बघायचा आणि मोठ्यानं विचारायचं, "काल दुसऱ्या शिफ्टला ब्लो होल एवढे का?" ज्यांनी हे नेटानं केलं त्यांना अर्धी उत्तरं एआयच्या आधीच मिळतात: कधी वाळू, कधी नवा कामगार, कधी ओलसर राहिलेली लॅडल (धातू ओतायचं भांडं).

मग कॅमेरा. मशिनिंग झालेल्या पृष्ठभागावरची भोकं, ओरखडे, तुटलेली कड त्याला ओळखता येते. आतली पोकळी त्याला दिसत नाही, त्यासाठी एक्स-रे किंवा लीक टेस्टसारखी तपासणी लागते. उजेड कायम सारखा हवा, तेलाचा थर नको, लेन्सवर धूळ नको. फाउंड्रीत हे सांभाळणं म्हणजे रोजचं काम. शिवाय कॅमेऱ्याला शिकवायला खराब मालाचे फोटो लागतात, आणि आपल्याकडे खराब कास्टिंग लगेच परत भट्टीत जातं. माल वितळतो, त्याबरोबर पुरावाही वितळतो. म्हणून कॅमेरा घ्यायचा विचार पुढच्या वर्षीचा असला तरी फोटो आजपासून काढायला लावा. भट्टीत टाकण्याआधी साध्या मोबाईलवर एक फोटो, कारण आणि हीट नंबर. ज्याच्याकडे असा साठा असेल त्याच्याशी कॅमेरेवाला वेगळ्या भाषेत बोलतो.

हळदीचा भाव पुढच्या महिन्यात कुठे जाईल, एआय सांगेल का?

नाही. जो सांगतो म्हणतो तो सट्ट्याची टीप विकतोय असं समजा.

सांगलीचा भाव सांगलीत ठरतो असं आपल्याला अभिमानानं वाटतं. पण निजामाबाद, इरोड, हिंगोली-वसमतकडची आवक, वायदे बाजार, निर्यात, आणि कोणाच्या गोदामात किती माल दाबून ठेवलाय, हे सगळं त्यात येतं. यातलं शेवटचं कुठल्याच कॉम्प्युटरला माहीत नसतं आणि बऱ्याचदा भाव तिथूनच हलतो.

अडत दुकानाला एआयपेक्षा नीट नोंदींचा फायदा जास्त आहे. सौदा झाला की त्याच संध्याकाळी शेतकऱ्याच्या मोबाईलवर पट्टी: पोती किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती गेली, उचल किती वळती केली, हातात किती. पट्टी स्वच्छ आणि वेळेवर मिळाली की शेतकरी पुढच्या वर्षी दुकान बदलत नाही. दुसरं, खरेदीदारांची उधारी दिवसांप्रमाणे लावा: ३० दिवसांच्या आतली, ६० च्या आतली, त्यापुढची. सगळ्यात चढा भाव देणारा खरेदीदार पैसे सगळ्यात उशिरा देतो, हे या तक्त्यात दिसलं की सौद्यातला उत्साह जरा निवतो.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा फायदा घ्यायचा तर माल कुठल्या भागातला हे दाखवावं लागणार, म्हणजे लॉटवार नोंद आलीच.

द्राक्ष आणि बेदाण्यात काय चालू आहे?

द्राक्षवाले खरं तर सगळ्यांच्या पुढे आहेत, फक्त त्यांना कोणी डिजिटल म्हणत नाही. युरोपला माल पाठवायचा तर अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेत प्लॉटची नोंदणी, औषधांचे अंश तपासलेला अहवाल, पेटीपासून बागेपर्यंत माग, हे सगळं ते कितीतरी वर्षं करत आहेत. गिऱ्हाइकानं अट घातली आणि बागायतदार शिकला. कुठल्याही प्रशिक्षण शिबिरापेक्षा ही अट भारी पडली.

बेदाण्याच्या शेडमध्ये रंगावरून दाणे वेगळे करणारी सॉर्टिंग मशीन आली आहेत, तिथं कॅमेरा आणि गणित आधीपासून काम करतंयच. भुरी-डाऊनी या द्राक्षाच्या रोगांचा इशारा देणारी हवामान केंद्रंही बागांत दिसतात. राज्य सरकारनं २०२५ मध्ये महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, आणि बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टबरोबर केलेल्या उसाच्या प्रयोगाची चर्चा आपल्याकडच्या साखर कारखान्यांतही आहे. शेतकऱ्यानं एकट्यानं घेण्यापेक्षा कारखान्यानं किंवा उत्पादक कंपनीनं गटानं घ्यावं, हे माझं मत. सेन्सर बिघडला तर एका शेतकऱ्यासाठी कोणी दुरुस्तीला येत नाही.

दोन वर्षांपूर्वी महागडं सॉफ्टवेअर घेतलं. आता कोणी वापरत नाही. चूक सॉफ्टवेअरची की माणसांची?

थोडं कडू उत्तर आहे: बहुतेक वेळा मालकाची.

असं घडतं. पहिला महिना सगळे उत्साहानं भरतात. मग एका सकाळी मालक गाडीतून सुपरवायझरला फोन करतो, "अरे, त्या पंपाच्या बॉडी किती झाल्या?" सुपरवायझर तोंडी सांगतो. दुसऱ्या दिवशी परत फोन. चौथ्या दिवशी सुपरवायझरला उमगतं की साहेब स्क्रीन उघडतच नाहीत, मग रात्री अर्धा तास थांबून कशासाठी भरायचं? नोंद एक दिवस मागे पडते, मग आठवडा. महिनाअखेरीला कोणीतरी बसून अंदाजानं तीस दिवसांचे आकडे भरतो. आता स्क्रीनवर खोटं आहे आणि खरं सुपरवायझरच्या खिशातल्या डायरीत आहे. मालक म्हणतो, "बघा, सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवता येत नाही."

यावर उपाय एकच, आणि तो मालकाच्या जिवावर येणारा आहे. जे स्क्रीनवर असायला हवं ते फोनवर विचारायचं नाही. स्क्रीनवर नसेल तर "का नाही?" एवढंच विचारायचं. तिथला आकडा चुकीचा निघाला तर भरणाऱ्याला सगळ्यांसमोर झापायचं नाही, नाहीतर उद्यापासून तुम्हाला आवडेल तोच आकडा भरला जाईल. चुकीचा आकडा वेळेत सांगणाऱ्या माणसाला वाचवणं हे मालकाचं काम, ते कुठलंही एआय करणार नाही. मोठ्या कंपन्यांत याला नेतृत्व वगैरे म्हणतात. आपल्याकडे सकाळी पंधरा मिनिटं मशीनजवळ उभं राहून स्क्रीन बघितली तरी काम भागतं.

आमचे अण्णा ऐकतच नाहीत. म्हणतात, चाळीस वर्षं वहीवर चाललं, आता काय बिघडलं?

अण्णांचं काही बिघडलेलं नाही, हे आधी मान्य करा. कोण किती दिवसांत पैसे देतो, कोणाच्या शब्दावर माल सोडायचा, हे त्यांच्याइतकं तुमच्या एक्सेलला माहीत नाही. त्यांचा विरोध बऱ्याचदा कॉम्प्युटरला नसतो. आपल्याला आता कोणी काही विचारणार नाही, ही भीती असते.

नवी गोष्ट या भागात कधीच सहज खपलेली नाही. कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये कारखाना उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हते. लोखंडानं जमीन विषारी होते, असं ते म्हणत. पहिला नांगर विकला जायला बराच काळ गेला. पटवून पटलं नाही, शेतात चाललेला नांगर बघून पटलं.

तेव्हा अण्णांची वही काढून घेऊ नका. १ एप्रिलला शिल्लक पुढे ओढताना कॉम्प्युटर सुरू करा आणि वर्षभर दोन्ही चालू द्या. दर शनिवारी उधारीची यादी मोठ्या अक्षरात छापून त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, "अण्णा, यातले कोण धोक्याचे?" ते पेनानं खुणा करतील. त्या खुणा कॉम्प्युटरमध्ये चढवा. तीन-चार महिन्यांत तेच म्हणतील, "या आठवड्याची यादी कुठंय?" आणि मुलांनाही एक सांगायचं आहे: सॉफ्टवेअर बसवून पुण्याला नोकरीला जायचं आणि तिथून अण्णांना दोष द्यायचा, हे बंद करा.

दिवाणजींची नोकरी जाणार का?

नुसती पावती वहीतून कॉम्प्युटरमध्ये उतरवणाऱ्याची जागा कमी होणार, हे लपवण्यात अर्थ नाही. खरेदीबिलाचा फोटो काढून आकडे आपोआप चढवणारी साधनं आत्ताच मिळतात. पण चढलेला आकडा बरोबर आहे का, हमालीचा दर कुठल्या दिवसापासून बदलला, या पार्टीचं बिल दोनदा तर आलं नाही ना, हे बघणारा माणूस लागतोच. जुन्या दिवाणजींना हे नव्या पोरांपेक्षा चांगलं जमतं. त्यांना काढून संगणकाचा कोर्स केलेला मुलगा ठेवण्यापेक्षा त्या मुलाला त्यांच्या शेजारी बसवा. आणि कोणाला कमी करायचं ठरवलंच असेल तर ते एआयच्या नावावर खपवू नका, माणसांना कळतं.

मराठीत बोललेलं कळतं का?

बरंच कळतं. मोबाईलवर बोलून मराठी टाइप होतं, आणि केंद्र सरकारचा भाषिणी हा भारतीय भाषांचा प्रकल्प २०२२ पासून चालू आहे. उत्तरं मात्र पुस्तकी येतात. "लई उशीर लावलाय बगा तुमी" याचा अर्थ त्याला लागतो, पण उत्तरात ते "आपणास झालेल्या विलंबाबद्दल" सुरू करतं.

खरी परीक्षा आकड्यांची. त्याला विचारा: पावणेदोनशे क्विंटल, सव्वाचौदा हजार भाव, एकूण किती? उत्तर २४ लाख ९३ हजार ७५० यायला हवं. पावणे, सव्वा, दीड, अडीच यांत गोंधळ झाला तर तोंडी व्यवहार त्याच्यावर सोपवू नका, आकडे आकड्यांतच लिहा.

एआय ठोकून खोटं सांगतं म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि तेही अगदी ठामपणे. ते शिकलेल्या मजकुरावरून पुढचा शब्द जुळवतं. आज नियम काय आहे हे त्याला आपोआप कळत नाही. ताजं उदाहरण जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले आणि ५ व १८ राहिले. जुन्या माहितीवर शिकलेलं एआय बिनदिक्कत १२ टक्के सांगतं, वर नियमाचं कलमही लिहून देतं. त्या दरानं बिल फाडलं तर निस्तरायचं तुम्हालाच.

कर, कायदा, औषधाचं प्रमाण, मशीनचा टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत): या चारांत त्याचं उत्तर म्हणजे फक्त कच्चा खर्डा. पक्कं सीएकडून, वकिलाकडून, लेबलवरून, ड्रॉइंगवरून.

गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग चॅटजीपीटीत टाकून माप समजून घेतलं तर चालेल ना?

नाही. ड्रॉइंग तुमचं नाही. मोठ्या कंपनीबरोबरच्या करारात गोपनीयतेचं कलम असतंच, तुम्ही सही करताना वाचलं नसेल एवढंच. फुकटच्या खात्यात टाकलेला मजकूर पुढच्या शिकवणीसाठी वापरला जाऊ शकतो. पैसे भरून घेतलेल्या व्यावसायिक खात्याच्या अटी वेगळ्या असतात, तरीही आधी गिऱ्हाइकाला विचारा.

कामगारांचे आधार, पगार, गिऱ्हाइकांचे मोबाईल नंबर यांनाही हेच लागू. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ती आपल्यासाठी नाही असं म्हणून सोडून देऊ नका.

पुरात सगळं गेलं तर?

हा प्रश्न सांगलीतच विचारला जातो, आणि बरोबर विचारला जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. गणपती पेठ, हरभट रोडवरच्या दुकानांत वह्या, कॉम्प्युटर, बॅकअपचा पेनड्राइव्ह, सगळं एकाच टेबलात होतं आणि एकदमच पाण्यात गेलं. त्याआधी २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या हळद सुखरूप ठेवणारी जागा, पण सगळा माल जमिनीखालीच.

तेव्हा हिशेबाच्या तीन प्रती ठेवा. एक रोजच्या कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, एक गावाबाहेर. गावाबाहेरची म्हणजे क्लाउडवर, किंवा नातेवाईक विश्रामबागला उंचावर राहत असतील तर त्यांच्याकडेही चालेल, फक्त दर आठवड्याला बदलत राहा. हार्डडिस्क कॉम्प्युटरला कायम जोडलेली नको. खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो जोडलेल्या डिस्कवरचंही कुलूपबंद करतो. आणि तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. बॅकअप "घेतोय" म्हणणारे खूप असतात. उघडून बघितलेले विचारा, माना खाली जातात.

ऑनलाइन फसवणुकीत धंदेवाले कुठं सापडतात?

सगळ्यात महाग पडणारी फसवणूक मेलवर होते. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावानं मेल येतो, "आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट या खात्यावर करा." लेटरहेड तेच, सही तीच, पत्त्यात एक अक्षर वेगळं. एआयमुळे आता भाषाही अचूक असते आणि फोनवर ओळखीचा आवाजही नकली निघू शकतो. म्हणून खातं बदललं म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या नंबरवर स्वतः फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर करायचा नाही. हा नियम मालकालाही लागू.

दुसरं, व्हॉट्सॲपवर येणारी एपीके (मोबाईलवर ॲप बसवणारी) फाइल: वाहनाचं चलन, लग्नपत्रिका, बँकेचं केवायसी. उघडायची नाही. पैसे गेलेच तर लाज बाळगून दोन दिवस घालवू नका, लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

मोठ्या कंपन्यांकडे पैसे अडकतात. त्यात या सगळ्याचा काही उपयोग?

आहे, आणि तो फारसा कोणी घेत नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. ते थकवले तर त्या वर्षी खरेदीदाराला तो खर्च आयकरात वजा करता येत नाही. शिवाय २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर नोंदणी सक्तीची झाली आहे. तिथं तुमचं बिल खरेदीदारानं मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि थोडं व्याज कापून पैसे लवकर मिळतात. यासाठी बिल, चलन आणि माल पोचल्याची नोंद एकमेकांशी जुळायला हवी. तिथंच आपल्याकडची मंडळी अडतात, कारण चलन ट्रकवाल्याच्या खिशात राहिलेलं असतं.

मिरजेला आमचं सतार-तंबोऱ्याचं काम आहे. आम्हाला एआयचं काय?

कामात काही नाही. जवारी (घोडीवर तारेचा नाद जुळवणं) कानानंच लागते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते दुकानाच्या पानावर ठळक लिहा. परदेशातल्या गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहाराला एआय वापरा, आणि प्रत्येक वाद्याचा आवाज चांगल्या माइकवर ध्वनिमुद्रित करून पाठवा. एवढं पुरे.

खर्च किती येतो आणि वसूल कधी होतो?

ठोक आकडा सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. उलटं गणित मांडा. समजा महिन्याला १०,००० कास्टिंग निघतात, त्यातली ४ टक्के जातात आणि एका नगामागे मजुरी-वीज धरून ६० रुपये नुकसान होतं. म्हणजे महिन्याला २४,०००. कॅमेऱ्याच्या नोंदींवरून कारण सापडून रिजेक्शन एका टक्क्यानं उतरलं तर ६,००० वाचतात. मग तीन लाखांचा कॅमेरा पन्नास महिन्यांत फिटतो. महाग पडतो, सोडून द्या. नगामागे नुकसान ४०० रुपये असेल तर तेच गणित आठ महिन्यांच्या आत बसतं. सॉफ्टवेअरच्या किमतीत दरवर्षीचं नूतनीकरण आणि भरणाऱ्या माणसाचा पगार धरायला विसरू नका.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांकडून करून घेतलं तर?

चांगला विचार आहे. वालचंद कॉलेज १९४७ पासून सांगलीत आहे, इतरही कॉलेजं आहेत, आणि पोरांना खरा प्रश्न हवाच असतो. पण प्रोजेक्ट मे महिन्यात संपतो, पोरगं जूनमध्ये बंगळूरला जातं. सेन्सर बसवून आकडे गोळा करणं, रिजेक्शनचा अभ्यास, असं काम द्या. रोजचं बिलिंग त्यांच्यावर टाकू नका.

सॉफ्टवेअरवाला फोन उचलेनासा झाला तर आमच्या डेटाचं काय?

घेण्याआधी विचारायचा प्रश्न हा, घेतल्यावर विचारला जातो. करारात लिहून घ्या: डेटा आमचा, सगळा डेटा एक्सेलमध्ये कधीही काढता येईल, बंद करायचं झालं तर किती दिवस तो उपलब्ध राहील. ॲडमिनचा पासवर्ड मालकाकडे हवा, फक्त विकणाऱ्याकडे नको. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर आणखी एक बघा: १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहायला हवी आणि ती बंद करता येता कामा नये. पैसे देण्याआधी त्याच्यासमोर बसून आपल्याच चार बिलांचा डेटा बाहेर काढून दाखवायला सांगा. "ते नंतर करून देतो" म्हणाला तर चेक परत खिशात घाला.